दहा दिवसांचा मालक

पहिला कुत्रा बहुतेक वेळा शेजारधर्मापोटी येतो. वरच्या मजल्यावरचं जोडपं लग्नासाठी नागपूरला निघालेलं असतं, केनेलमध्ये ठेवायला त्यांचं मन धजत नाही, आणि खालच्या काकूंना कुत्र्यांचं वेड आहे हे साऱ्या इमारतीला ठाऊक असतं. "काकू, दहा दिवस ब्रूनोला ठेवाल का?" काकू ठेवतात. बदल्यात संत्रा बर्फीचा डबा येतो. पुढच्या खेपेला तेच जोडपं बळेबळे हातात पैसे ठेवतं. त्यानंतर त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन येतो, मग त्या कुणाच्या तरी बहिणीचा. वर्ष उलटायच्या आत काकूंच्या फोनवर "दिवाळीत जागा आहे का?" असे निरोप गणपतीपासूनच यायला लागतात. आणि मग एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहून विचारतात, "वहिनी, याचं काही लायसन्स वगैरे आहे का तुमच्याकडे?"

या काकू कोथरूडच्या असतील, ठाण्याच्या असतील, नाशिकच्या असतील. मी त्यांना नाव देत नाही, कारण अशा बायका आणि असे तरुण आता प्रत्येक शहरात आहेत. पाळीव प्राणी घरचं माणूस झाला, घरं मात्र दोन माणसांची झाली. आजी-आजोबा गावी किंवा दुसऱ्या शहरात, मोलकरीण दिवाळीला तिच्या गावी, शेजारी स्वतःच फिरायला गेलेले. मग सुट्टीत त्या जिवाला सांभाळायचं कुणी? त्यातही दिवाळी ही सगळ्यात अवघड वेळ. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. फटाक्यांना बिथरून दाराच्या फटीतून निसटलेलं, गळ्यात अर्धा तुटलेला पट्टा घेऊन अनोळखी रस्त्यावर धावणारं कुत्रं ज्यानं एकदा पाहिलं आहे, त्याला सेक्रेटरींचा प्रश्न किरकिरा वाटणार नाही. प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की काय हाती लागतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

सोप्या कागदांपासून सुरुवात करू, कारण ते खरोखर सोपे आहेत. सगळ्यांच्या तोंडी असतो तो गुमास्ता, म्हणजे धंद्याची नोंदणी. दुकानं आणि आस्थापनांचा जुना कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला, आणि त्यानं लहान व्यावसायिकांना मोठी सूट दिली. मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणीची गरज नाही. ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला फक्त कळवायचं आणि पोच घ्यायची. बँकेत धंद्याच्या नावानं चालू खातं उघडायला ही पोच उपयोगी पडते. दाराबाहेर पाटी लावली तर ती देवनागरी लिपीत मराठीत हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही यातून सुटका नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्यानं व्यवसायकराची नोंदणी करून वर्षाला अडीच हजार रुपये भरायचे. 'उद्यम' ही केंद्राची नोंदणी २०२० पासून आहे. ती ऐच्छिक आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेल्याशिवाय लागत नाही. रात्रीला हजार रुपये घेतले असं धरलं तरी वर्षभर रोज पाच-सहा प्राणी घरात असतील तेव्हा कुठे ही रेषा ओलांडली जाईल. घरगुती सांभाळणारी व्यक्ती तिच्या बरीच अलीकडे राहते. मात्र एक गैरसमज काढून टाकायला हवा. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आरोग्यसेवेला जीएसटीत माफी आहे, ती बोर्डिंगला लागू नाही. दवाखान्यानंच मागच्या खोलीत बोर्डिंग चालवलं, तरी उपचार वेगळे आणि मुक्काम वेगळा.

हे सगळं एखादा नीट सीए दोन-तीन दिवसांत करून देतो. पण या कागदांकडे नीट पाहिलं की लक्षात येतं, यातल्या एकाही फॉर्मवर प्राण्याचा उल्लेख नाही. तिथे काकूंनी शिवणकाम लिहिलं असतं किंवा शिकवणी लिहिली असती, तरी हेच प्रश्न आणि हीच पोच मिळाली असती.

प्राणी पहिल्यांदा दिसतो तो महापालिकेच्या कायद्यात, आणि तोही अशा कपड्यांत की चटकन ओळखू येऊ नये. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. ज्या मुंबईसाठी तो झाला, त्या मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय पुढच्या दशकभरात उभं राहिलं आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. तबेले, गोठे, टांगे, दुधाच्या म्हशी यांनी भरलेलं ते शहर होतं. या कायद्याचं ३९४ वं कलम आयुक्तांच्या परवान्याशिवाय कोणकोणत्या गोष्टी जागेत ठेवता येणार नाहीत आणि कोणते उद्योग करता येणार नाहीत, ते सांगतं. त्यात घोडे, गुरं आणि इतर चतुष्पाद प्राणी येतात. विक्रीसाठी ठेवलेले, भाड्यानं देण्यासाठी ठेवलेले, त्यांच्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नासाठी ठेवलेले, आणि ज्या कुठल्या कामासाठी मोबदला घेतला जातो त्यासाठी ठेवलेले. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. मोबदला घेऊन जागेत ठेवलेला चतुष्पाद प्राणी. काकूंच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याखाली झोपलेला ब्रूनो त्यात नेमका बसतो. मुंबईबाहेरच्या शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ३७६ व्या कलमाची भाषा जवळपास हीच आहे.

तेव्हा सेक्रेटरींच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर हे: होय, महापालिकेचा परवाना लागतो. हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण "घरातल्या घरात आहे, कशाला काय लागतंय" असं या व्यवसायात फार सहज म्हटलं जातं. ते चूक आहे. वॉर्ड ऑफिसमध्ये जावं, आरोग्य विभाग आणि पशुवैद्यकीय विभाग या दोन्हीकडे लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा. खिडकीपलीकडच्या माणसाला 'पेट सिटर' हा प्रकार नवा असू शकतो, म्हणून अर्जात कलमाचा क्रमांक लिहावा. उत्तर यायला वेळ लागला तरी आपण विचारलं होतं याचा पुरावा हाती राहतो, आणि उद्या कुणी तक्रार केली तर त्या कागदाचं मोल कळतं.

पण या परवान्याला त्याच्या काळाची मर्यादा आहे. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेण, मूत, दुर्गंध, माश्या आणि शेजाऱ्यांचं आरोग्य होतं. शहराला प्राण्यापासून त्रास होऊ नये, ही त्याची काळजी. प्राण्याला त्या जागेत त्रास होऊ नये, ही त्यानं स्वतःवर घेतलेली जबाबदारी नाही. आणि चार पायांपलीकडे त्याची नजर जात नाही. पिंजऱ्यातले बजरीगार किंवा काचेच्या टाकीतले मासे सांभाळणाऱ्याला तो काहीच विचारत नाही.

प्राण्याच्या बाजूनं बोलणारा कायदा १९६० चा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा हा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीचं फळ आहे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या बाईंनी राज्यसभेच्या सदस्य असताना खासगी विधेयक मांडलं, सरकारला कायदा करायला भाग पाडलं, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. याच कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांचे नियम निघाले. पिल्लांच्या बाजाराला लगाम घालणारे हे नियम फार गरजेचे होते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून वेत घ्यायचं नाही, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे पाच हजार रुपये भरून नोंदणी करायची, ती दोन वर्षांनी नवी करायची, तपासणीला दार उघडं ठेवायचं.

आता त्यातली 'ब्रीडर'ची व्याख्या पाहा. विशिष्ट जातीची कुत्री प्रजननासाठी आणि विक्रीसाठी बाळगणारी व्यक्ती म्हणजे ब्रीडर. आणि त्या शब्दात बोर्डिंग केनेल चालवणारा, मधला दलाल आणि व्यापारी यांचाही समावेश आहे. ज्यांनी आयुष्यात एक पिल्लू विकलं नाही, ज्यांच्याकडे येणारी निम्मी कुत्री नसबंदी झालेली आहेत, त्या काकूंचं बोर्डिंग अक्षरशः वाचलं तर ब्रीडरच्या रांगेत जाऊन बसतं. हे असं का केलं असावं, याचा तर्क करता येतो. बोर्डिंगच्या नावाखाली पिल्लांचा धंदा चालवणारे होते आणि आहेत, त्यांना पळवाट राहू नये म्हणून जाळं मोठं टाकलं. पण त्यामुळे प्रामाणिक सांभाळणाऱ्यापुढे विचित्र पेच उभा राहतो. नियमांचा सगळा भर माद्या, वेत, पिल्लं, विक्रीच्या नोंदी यांवर आहे. पाहुण्या कुत्र्यांना एकमेकांपासून वेगळं कसं ठेवणार, रात्री जवळ कोण असणार, मालकाचा फोन लागला नाही तर काय करणार, हे त्यात येत नाही. केनेल म्हणावं अशी जागा असेल, वेगवेगळ्या घरांची कुत्री कायम ठेवली जात असतील, तर माझ्या मते ही नोंदणी करूनच घ्यावी. औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयातून किंवा आपल्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांकडून राज्य मंडळाच्या अर्जाची सद्यस्थिती कळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थाही असते, तिथेही विचारावं. २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम मात्र बोर्डिंगला लागत नाहीत, ते जिवंत प्राण्यांच्या विक्रीचे आहेत. खाऊ, पट्टे, भांडी विकली म्हणून कुणी 'पेट शॉप' होत नाही. कोपऱ्यात लव्हबर्ड्‌सची जोडी विकायला ठेवली की होतो.

मालकाच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. सकाळी आणि संध्याकाळी जाऊन मांजरीला खायला घालणं, तिचा लिटर बॉक्स साफ करणं, तासभर तिच्याजवळ बसणं, किंवा रात्री तिथेच झोपणं, याला स्वतःची जागा लागत नाही. त्यामुळे जागेचा परवाना, सोसायटीची ना-हरकत, ब्रीडरची व्याख्या, सगळं गळून पडतं. मांजरासाठी हाच मार्ग उत्तम, कारण मांजराचा जीव माणसात असतो तितकाच जागेतही गुंतलेला असतो. इथे प्रश्न विश्वासाचा असतो. परक्याच्या घराची किल्ली हातात असते. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढून ठेवलं तर पहिल्या भेटीतलं अवघडलेपण निम्मं होतं. कायदा ते मागत नाही, पण मालकाला विचारायला संकोच वाटतो, आणि तो संकोच आपणच दूर करावा.

जागेच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण खरी भांडणं तिथे होतात. जीवजंतू कल्याण मंडळानं फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, लिफ्ट नाकारता येणार नाही, असं त्यांत सांगितलं आहे. पुष्कळ सांभाळणारे हाच कागद ढाल म्हणून पुढे करतात. ती ढाल इथे पुरी पडत नाही. त्या सूचना रहिवाशाच्या स्वतःच्या प्राण्याविषयी आहेत. मोबदला घेऊन दहा घरांची कुत्री फ्लॅटमध्ये ठेवणं हा जागेच्या वापराचा प्रश्न होतो, आणि त्यावर सोसायटीचे उपविधी, नगररचनेचे नियम आणि भाड्याचं घर असेल तर भाडेकरार बोलतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरी असल्याचं प्रकरण गाजलं. ते बोर्डिंगचं प्रकरण नव्हतं. पण एका घरात किती प्राणी म्हणजे फार, याचं सहज दाखवता येईल असं उत्तर आपल्याकडे नाही, हे त्यानं उघडं केलं. शेजाऱ्यांच्या नाकाला आणि कानांना सोसेनासं झालं की मग यंत्रणा हलते. तोवर प्राण्यांचे हाल होऊन गेलेले असतात.

म्हणून काकूंना माझा सल्ला असा की सेक्रेटरी दारात यायच्या आधी आपणच सोसायटीला पत्र द्यावं. एका वेळी किती प्राणी, कोणत्या वेळी फिरायला नेणार, लिफ्ट कुठली वापरणार, घाण कोण उचलणार, रात्री भुंकलं तर कुणाला फोन करायचा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घाबरलेली दोन कुत्री ती सहज ओलांडतात. लेखी ना-हरकत मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाली तर तीन-चारपेक्षा जास्त प्राण्यांचा मोह फ्लॅटमध्ये धरू नये.

ज्यांना मोठं करायचं आहे ते मुळशीकडे, कर्जतकडे, पनवेलच्या पलीकडे जागा बघतात. कुत्र्यांना धावायला मिळतं, शेजारी लांब असतात. तिथे दुसरे कागद येतात. शेतजमिनीवर पत्र्याच्या शेड टाकून केनेल उभं केलं की तो बिगरशेती वापर होतो, आणि १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाखाली त्याला परवानगी लागत आली आहे. अलीकडच्या दुरुस्त्यांनी काही भागांत ही वाट सोपी केली आहे, तेव्हा जमीन भाड्यानं घेण्याआधी तलाठ्याकडे सातबारा घेऊन बसावं. ग्रामपंचायतीची ना-हरकत घ्यावी. आणि गावातल्या एका-दोघांना कामाला ठेवावं. परवान्यानं जमत नाही ते कधीकधी ओळखीनं जमतं: कुंपणाखालून निसटलेलं कुत्रं गावकऱ्यांनी ओळखून परत आणून देणं, हे तिथलं सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

आता मला ज्याविषयी सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. १९६० च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'मालक' या शब्दाचा अर्थ दिला आहे. प्राणी ज्याच्या मालकीचा आहे तो तर मालक आहेच, पण त्या वेळेपुरता ज्याच्या ताब्यात किंवा हवाली तो प्राणी आहे तोही मालकच. म्हणजे ब्रूनोचं जोडपं नागपूरच्या गाडीत बसलं त्या क्षणापासून दहा दिवस काकू ब्रूनोच्या मालक आहेत. प्राण्याच्या सुखस्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय करण्याचं तिसऱ्या कलमातलं कर्तव्य त्यांचं आहे. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. बागेत ब्रूनो कुणाला चावला तर बोट काकूंकडेच वळणार. ग्राहक म्हणून जोडपं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडेही जाऊ शकतं. इतकी मोठी जबाबदारी कायदा एका माणसावर टाकतो, आणि ती पेलण्याची त्या माणसाची तयारी आहे का, हे तपासणारा एकही कागद मागत नाही. मला ही फार मोठी त्रुटी वाटते.

तयारी म्हणजे काय, ते या कामातल्या जुन्या माणसांना विचारावं. ती परवान्याआधी लसीकरणाचं कार्ड मागतात. रेबीजची लस चालू आहे का, तारीख कुठली, सही-शिक्का नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे का. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोची एकत्रित लस आहे का. केनेल कफ हवेतून पसरतो, म्हणून खोकणारं कुत्रं दारातूनच परत. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलनं जात नाही, त्याला ब्लीच लागतं. आजारी पिल्लू ज्या खोलीत राहून गेलं तिथे दुसरं पिल्लू आणणं म्हणजे त्याला मृत्यूच्या तोंडी देणं. अंगावर गोचीड आहेत का हे कानामागे, पायांच्या बोटांमध्ये हात घालून पाहतात. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो येतो, तो माणसालाही होतो. स्वतः आधीच रेबीजची लस टोचून घेतात. एकमेकांची ओळख नसलेल्या कुत्र्यांची पहिली भेट घरात होऊ देत नाहीत. बाहेर मोकळ्या जागी, दोन हातांत दोन दोर घेऊन चालवत होऊ देतात. जेवण नेहमी वेगवेगळ्या खोल्यांत. ज्याला हे सगळं माहीत आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांच्या भिंतीवर गुमास्त्याची सारखीच पोच लटकते.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला दिलेलं उत्तर मला शिकण्यासारखं वाटतं. तिथे प्राण्यांच्या बोर्डिंगचा पहिला कायदा १९६३ चा. १ ऑक्टोबर २०१८ पासून नवे नियम आले. घरात कुत्रे ठेवणारे, डे-केअर चालवणारे, केनेलवाले, मांजरांचं बोर्डिंग करणारे, प्रत्येकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. निरीक्षक घरी येतो, एक ते पाच तारे देतो. तारे जितके जास्त आणि धोका जितका कमी, तितका परवाना लांब मुदतीचा, एक ते तीन वर्षांचा. घरगुती बोर्डिंगला अट अशी की वेगवेगळ्या घरांचे कुत्रे एकत्र ठेवायचे तर प्रत्येक मालकाची लेखी संमती हवी, आणि गरज पडली तर वेगळं ठेवता येईल अशी प्रत्येक कुत्र्याची नेमून दिलेली खोली हवी. मालकाच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्याला परवाना लागत नाही. त्या नियमांचं लक्ष खोलीकडे, झोपण्याच्या जागेकडे, एकटं राहण्याच्या तासांकडे आहे. आपल्या महापालिकांकडे पशुवैद्यकीय अधिकारी आहेत. राज्यात पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, त्यांचे विद्यार्थी आहेत. पाच-सात अटींचा, परवडेल अशा शुल्काचा, वर्षातून एकदा घरी येऊन पाहणारा साधा बोर्डिंग परवाना काढायला नवा कायदा लागत नाही. ३९४ आणि ३७६ या कलमांखाली आयुक्तांना परवान्याच्या अटी घालता येतात. एखादी दुर्घटना वर्तमानपत्रात येण्याची वाट न पाहता एखाद्या महापालिकेनं हे करून दाखवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तोवर सांभाळणाऱ्याचा खरा परवाना म्हणजे त्याचा करारनामा. आणि इथे १८७२ चा भारतीय करार कायदा अनपेक्षितपणे कामाला येतो. दुसऱ्याची वस्तू विश्वासानं ताब्यात घेऊन काम झाल्यावर परत करायची, अशा व्यवहारावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्यातली काही उदाहरणं जनावरांची आहेत. घोडा खोडकर आहे हे माहीत असून मालकानं ते सांगितलं नाही, घोडा उधळला आणि घेणारा पडून जखमी झाला, तर भरपाई मालकानं द्यायची. गाय सांभाळायला दिली, तिला वासरू झालं, तर गायीबरोबर वासरूही परत करायचं. आणि घेणाऱ्यानं त्या वस्तूची काळजी किती घ्यायची? एखादा विवेकी माणूस तशाच स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी. दीडशे वर्षांपूर्वीच्या या घोड्याच्या जागी ब्रूनो ठेवा, म्हणजे करारनाम्याचं पहिलं कलम तयार होतं: कुत्रा आधी कुणाला चावला आहे का, फटाक्यांना काय करतो, दार उघडं दिसलं की पळतो का, हे सगळं मालकानं लिहून द्यायचं. लपवलं तर जबाबदारी त्याची.

बाकीची कलमं अनुभवानं सुचतात. कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, मालक फोनवर सापडला नाही तर किती रकमेपर्यंतच्या उपचाराला संमती आहे, शस्त्रक्रियेचा निर्णय कोण घेणार. दुसरा संपर्क म्हणून त्याच शहरातल्या एका नातेवाइकाचं नाव. इतर कुत्र्यांबरोबर ठेवायला संमती आहे की नाही. फोटो रोज पाठवायचे का. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पाकिटावर वेळ लिहून. इथे एक सीमा पाळावीच लागते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी पोळीत घालून खाऊ घालणं सांभाळणाऱ्याचं काम. स्वतःच्या अंदाजानं इंजेक्शन देणं, "मागच्या वेळी हेच दिलं होतं" म्हणून प्रतिजैविक सुरू करणं, हे त्याचं काम नाही. बोर्डिंगबरोबर उपचारही सुरू केले तर ती जागा पशुवैद्यकीय संस्था होते आणि सुया-सिरिंजांच्या विल्हेवाटीला २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागतात.

आणखी एका पाहुण्याबद्दल सावध करायला हवं. "आमचा मिठू फक्त आठ दिवस" म्हणून कुणी हिरवा पोपट घेऊन आलं, तर काकूंनी तो पिंजरा घरात घेऊ नये. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, चांदणी कासवाचंही तसंच, आणि ताब्यात ठेवणारा 'माझा नाही, सांभाळायला दिलाय' म्हणून सुटत नाही. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पक्ष्यांची मालकाला २०२४ च्या नियमांखाली 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. त्या नोंदीची प्रत मागावी, मिळाली तरच पक्षी घ्यावा.

करारनाम्यात सगळ्यात शेवटी येतं ते कलम लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो. मालक परत आलाच नाही तर? हे घडतं. बदली होते, घटस्फोट होतो, नवं घर प्राणी चालवून घेत नाही, कुत्रा म्हातारा झालेला असतो. फोन आधी उचलला जात नाही, मग तो क्रमांकच बंद होतो. प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तो वाढवण्याचा मसुदा केंद्रानं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. आणि कुत्रा काकूंच्या घरी पोटभर जेवत असल्यामुळे तो सोडून दिला गेला, हे सिद्ध करणंही कठीण. म्हणून मुदत कागदावरच घालावी: ठरलेल्या तारखेनंतर इतके दिवस वाट पाहू, मालकाला आणि दुसऱ्या संपर्काला लेखी नोटीस देऊ, त्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊ, आणि त्यानंतर प्राण्याला नवं घर शोधून देण्याचा अधिकार आमच्याकडे राहील. सही दोघांची, साक्षीदार एक, मालकाच्या ओळखपत्राची प्रत मागे जोडलेली. ब्रूनोचं जोडपं कितीही ओळखीचं असलं, तरी यंदा दिवाळीला निघण्याआधी त्यांच्याकडूनही ही सही घ्यावी.